रनिंग-इन, व्हाया सागरी महामार्ग

नव्या गाडीचे आम्ही पेढे वाटले आणि लोकांनी सल्ले. शेजारचे काका म्हणाले, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. ऑफिसातल्या एकाचं मत अगदी उलटं होतं. हल्लीच्या इंजिनांना रनिंग-इन (म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) वगैरे काही लागत नाही, एक्स्प्रेसवेवर नेऊन एकदा मोकळी करून आणा, म्हणे. शोरूममधल्या मुलाने तर 'बिनधास्त चालवा मॅडम' एवढंच सांगून किल्ली दिली. गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात याबद्दल जेमतेम अर्धं पान आहे, पण आहे नेमकं. पहिल्या १००० किलोमीटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, मग तो वेग कमी असो की जास्त. वरच्या गिअरमध्ये गाडी ओढू नका. सुरुवातीला करकचून ब्रेक मारणं टाळा.

ते अर्धं पान मामाने चष्मा लावून वाचलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालाय आणि अर्धी नोकरी त्याने इंजिनं उघडण्यात घालवली आहे. पुस्तक मिटून म्हणाला, "एका वेगात चालवायची नाही ना? मग कोकणात घाला. तिथला रस्ता मनात आणलं तरी एका वेगात चालवू देत नाही." आईला माहेरी जायचंच होतं, मला रजा होती. जानेवारी सरत आला होता. पुण्यातच दीड-दोनशे किलोमीटर झाले होते, बाकीचे सागरी महामार्गावर घालायचे ठरले.

शुक्रवार: पुणे ते दिवेआगर

सहाला निघालो. गाडी सुरू करून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग हळूच निघायचं, एवढं पुरे. जागेवर उभी ठेवून दहा मिनिटं तापवत बसायची गरज नाही, आणि थंड इंजिनाला घुंई घुंई रेस देणं तर नकोच. चांदणी चौक, पिरंगुट, पौड. पौडलाच टाकी भरून घ्या, पुढे माणगावपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. मुळशीच्या धरणावर धुकं असं बसलं होतं की पाणी आहे हे फक्त वासावरून कळत होतं.

ताम्हिणीत पुण्याकडून जाताना चढ अंगावर येत नाही, उतार मात्र चांगलाच आहे. मामाचं लायसन्स संपलंय, त्यामुळे तो शेजारी बसून माझ्याबरोबर काल्पनिक क्लच दाबत होता. "तिसरा टाक. आता दुसरा. ब्रेकवर उभी राहू नको गो, इंजिनाला धरू दे." नव्या गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. नव्या टायरचा वरचा थरही सुरुवातीला गुळगुळीत असतो. म्हणून घाट उतरताना पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवलेलं बरं.

घाट उतरल्यावर एका टपरीवर चहा आणि गरम कांदाभजी खाल्ली आणि तिथे मामाने वर्ग घेतला. रिकामा ग्लास म्हणजे सिलिंडर, त्यात घातलेला अंगठा म्हणजे पिस्टन. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात. त्या रेघांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत रेघांची वरची टोकं झिजवतात आणि भिंतीला चपखल बसतात. मामाच्या भाषेत, रिंगा बसतात. बसल्या की इंजिनाचा जोर बाहेर गळत नाही आणि तेल वर चढून जळत नाही.

"म्हणजे गुळगुळीत झालेल्या पाट्याला छिन्नीने टाकी लावतात तसंच की," आई म्हणाली. "टाकी लावल्यावर पहिलं वाटण आपण टाकूनच देतो, त्यात कच येते."

मामाने ग्लास खाली ठेवला. "तायडे, वर्कशॉपात पोरांना हे समजवायला मला अर्धा तास लागायचा."

मला जे माहीत नव्हतं ते पुढे आलं. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. म्हणजे इंजिनावर थोडा भार पडायलाच हवा. शेजारच्या काकांसारखं हजार किलोमीटर गाडीला गोंजारत चालवलं तर दाबच पडत नाही, भिंतीवर चकाकी चढते आणि रिंगा अर्धवटच बसतात. उलट सारखं पिळत राहिलं तर नव्या, खरखरीत धातूवर घर्षणाने उष्णता फार होते आणि ओरखडे पडतात. मग भार द्यायचा आणि सोडायचा. चढाला मध्यम जोर, उताराला अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी उतरवायची. पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं तेल भिंतीवर वर येतं आणि घासलेली जागा धुऊन, थंड करून जातं. चढ, उतार, वळण, गाव, पुन्हा चढ. सागरी महामार्गाचा आराखडा एखाद्या इंजिनवाल्यानेच काढला असावा अशी शंका येते.

माणगाव, म्हसळा करत जेवायच्या वेळेला दिवेआगर. पानात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि उकडीचा मोदक. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंची सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं आणि त्यांची बहुतेक झाडं एका दुपारीत आडवी झाली. नवी लावली ती आता कुठे धरायला लागलीत. काकू सांगत होत्या ते अगदी साध्या आवाजात, मोदकावर तूप सोडत सोडत. "सुपारीला घाई करून चालत नाही हो. मधल्या वर्षांत खोल्या भाड्याने दिल्या, म्हणून तुम्ही इथे बसलायत."

रात्री वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. पोपटी खायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच या, आणि सकाळीच सांगून ठेवा. ऐनवेळी मागितलीत तर मिळणार नाही.

शनिवार: शेखाडी, बागमांडला, हर्णै

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरवी-शेखाडीवरून जाणारा रस्ता कोकणातला माझा सगळ्यात आवडता तुकडा. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे थेट समुद्र, मध्ये गाडी. तिसऱ्यावरून चौथा, वळण आलं की पुन्हा तिसरा. काटा दोन ते तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान आपोआप खेळत होता. ज्यांना आरपीएमकडे बघत बसायचं नसेल त्यांनी कान द्यावा. चढावर इंजिन गुरगुरायला आणि गाडी थरथरायला लागली की आपण वरच्या गिअरमध्ये ओढतोय, खालचा गिअर टाका. लोकांना वाटतं कमी आरपीएम म्हणजे इंजिनाचे लाड. पण चौथ्यात चढ ओढून नेण्यात इंजिनाचे जेवढे हाल होतात तेवढे तिसऱ्यात जरा मोठ्या आवाजाने चढण्यात होत नाहीत.

श्रीवर्धन म्हणजे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. तिथून हरिहरेश्वराला पाया पडून बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. सावित्रीच्या खाडीवर पूल होईल तेव्हा होईल, तोवर फेरीबोट. ओहोटी होती, त्यामुळे उतरण चांगलीच तिरकी झाली होती, आणि बोटीवरच्या पोराने हाताने गोल करून खूण केली: उलटी घाला. मागे ट्रॅव्हलर, पुढे बुलेटवाले, वर कठड्यावर आईस्क्रीम खात उभं असलेलं अख्खं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. "सोडा, सोडा, सोडा, डावीकडं मारा, सोडा!" अशा वेळी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायचा मोह होतो. मामा खालच्या आवाजात म्हणाला, "हँडब्रेक ओढ. थांब. मग एकदाच सोड." नवी क्लच प्लेट जळायला उतरणीवरची दोन मिनिटं पुरतात, आणि तो वास एकदा आला की दिवसभर नाकातून जात नाही. रांगेत आमच्या पुढे असलेल्या गाडीचा येत होता.

फेरीसाठी सूचना: सुट्टे पैसे ठेवा, भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून या (भरतीच्या आसपास उतरण सपाट असते), आणि बोटीवर गाडी बंद करून गिअरमध्ये ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वेसवी.

पुढचा केळशीपर्यंतचा रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं आणि ते कुणीतरी आपणच. एसटीच्या ड्रायव्हरने काच खाली करून मामाकडे बघितलं, मामाने त्याच्याकडे. दोघांनी एकमेकांना ओळखलं असं मुळीच नाही, पण मान हलवली दोघांनीही.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडीची पूजा करायची हे आईने पुण्यातच ठरवलं होतं. मंदिरापर्यंतचा चढ खडा आहे. पहिला-दुसरा गिअर, घाई नाही, वर गेल्यावर गाडी सावलीत. उजव्या सोंडेची मूर्ती, आवारातून दिसणारा समुद्र आणि माडांचा गच्च पट्टा. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि विचारलं, "किती झाले?" मी ओडोमीटर वाचून सांगितला. "मग अजून चारशे-पाचशे सांभाळून," म्हणाले आणि नारळ फोडला. त्यांची स्वतःची स्कूटर महिन्याभरापूर्वीच आलेली होती.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव. उतरत्या उन्हात समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर पापलेट-सुरमईच्या राशी, टोपल्या, बर्फ, बैलगाड्या, आणि कानठळ्या बसवणारी बोली. एकट्याने बोली लावायला जाऊ नका. राशीवर भाव ठरतो, चार बांगडे हवे असतील तर कडेला बसलेल्या बायकांकडून घ्या. तिथे एका तांडेलाशी मामाची गाठ पडली. विषय अर्थातच इंजिन. त्याच्या होडीत नवं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. मी सहज विचारलं, तुमच्याकडेही रनिंग-इन असतं का.

"म्हणजे काय! पहिल्या फेऱ्या जालं न टाकता मारतो. नुसती होडी. जालं ओढायला लावलं तर नव्या इंजिनाची वाट लागंल. आणि एका स्पीडला सोडून झोपायचं नाय, कमी-जास्त, कमी-जास्त करीत ऱ्हायचं."

पुस्तकातलं अर्धं पान त्याने कधी वाचलेलं नाही. त्यात हेच लिहिलंय: पहिल्या हजारात दुसरं वाहन ओढू नका, जास्त माल भरू नका. मामाचा चेहरा पोरगं पहिलं आल्यासारखा झाला होता. रात्री जेवायला तळलेली सुरमई, आणि सुरमईपेक्षा चांगलं झालेलं कोळंबीचं कालवण.

रविवार: कर्दे, दाभोळ, आणि माहेर

सकाळी कर्द्याच्या किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो, गाडी वर रस्त्यावर ठेवून. खाली एक नवीकोरी एसयूव्ही ओल्या वाळूत रुतली होती, हार अजून पुढे लटकत होता. आतला मुलगा पहिल्या गिअरमध्ये पूर्ण दाबत होता, चाकं जागेवर गरगर फिरत वाळू उडवत खोल चालली होती आणि इंजिन किंचाळत होतं. मामाला ते ऐकवेना. तो थेट खाली गेला, काचेवर टकटक केलं आणि किल्लीच फिरवायला लावली. मग टायरमधली हवा कमी करा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, फळ्या घाला, दुसऱ्या गिअरमध्ये अलगद निघा, असं सगळं झालं. तरी शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाल्याचा हा रविवारचा ठरलेला धंदा असावा, कारण दोर त्याच्या सीटखालीच होता.

किनाऱ्यावर गाडी घालू नका. भरती वाट बघत नाही आणि खारं पाणी गाडीच्या पोटात कुठे कुठे जाऊन बसतं ते वर्षभराने गंजलेल्या नटबोल्टांतून कळतं.

दापोलीला थंडी होती, अंगात स्वेटर. दाभोळ-धोपावे फेरी सरळ मिळाली, वाशिष्ठीच्या रुंद मुखावर वारा छान होता. धोपाव्याहून गुहागरकडे जाताना अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो, एकेकाळचा एन्रॉनचा. एन्रॉनचं नाव काढल्यावर मामा आणि आई दोघं एकदम बोलायला लागले आणि गुहागर येईपर्यंत थांबले नाहीत. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन पालशेतच्या बाजूला आजोळी पोचलो तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी वाडी गाडी बघायला आलेली. कुळथाचं पिठलं, गरम भात, पोह्याचा पापड.

सोमवार: गाडी झाडाखाली

गाडी हलवली नाही. आंबा मोहोरला होता आणि सकाळी दाट धुकं पडलं, म्हणून घरात सगळ्यांचे चेहरे लांब. धुकं आणि दंव लागून राहिलं की मोहोर काळा पडतो. मी मोहोराच्या वासाने खूश, मामी मोहोराकडे बघून काळजीत. झाडाखाली ठेवलेल्या गाडीवर चिकट थेंबांचा थर बसला होता. तो तसाच उन्हात तापू देऊ नका, पाण्याने लगेच धुवा.

मामाने मला डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघायला शिकवलं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला, काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. रिंगा पुरत्या बसलेल्या नसल्याने सुरुवातीला तेल थोडं जास्त जळू शकतं, म्हणून पहिल्या हजारात दोन-तीनदा बघावं. आमचं दोन खुणांच्या मध्ये, वरच्या बाजूला होतं. रंग मात्र पुण्यातल्यापेक्षा गडद.

मंगळवार: हेदवी ते रत्नागिरी

हेदवीचा दशभुजा गणेश, मग समुद्रावर बामणघळ. खडकाला पडलेली चीर, भरतीला तिच्यात पाणी घुसून उंच उसळतं. आम्ही ओहोटीला पोचलो, त्यामुळे फक्त चीर बघितली.

तवसाळ-जयगड ही तिसरी फेरी. तवसाळच्या धक्क्यावर एक बाई टोपलीतून उकडलेल्या शेंगा विकत होत्या. त्यांनी गाडीची प्लास्टिकची कव्हरं बघून आईला विचारलं, "नवीन ना? आमच्या जावयानं वरीसभर काढली नव्हती." आईने तिथल्या तिथे सीटवरची कव्हरं फाडून काढली.

मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक बघा. १८६६ मध्ये इथे जन्मलेले कृष्णाजी केशव दामले जेमतेम चाळिशीपर्यंत जगले. कौलारू घर इतकं नेटकं ठेवलंय की ओसरीवर बसावंसं वाटतं. गणपतीपुळ्याला मंगळवारची गर्दी, रांग बघून बाहेरूनच नमस्कार. आरे-वारेच्या चढावर मात्र थांबलो, सगळेच थांबतात. वळणावर गाडी उभी करू नका, थोडं पुढे जागा आहे.

बुधवार: आंबा घाट आणि घर

रत्नागिरी, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. आतापर्यंतचे चढ लहान होते, हा सलग. तीन माणसं, आईच्या माहेरच्या नारळांची गोणी, कोकमं, तांदूळ. दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. ट्रकच्या मागे अडकलो तर ओव्हरटेकसाठी तळापर्यंत दाबायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे मोकळा, सरळ तुकडा येईपर्यंत मागेच राहिलो. तापमानाचा काटा मध्यावर होता तो तिथेच राहिला. वर पोचल्यावर मामाने खिडकी खाली केली, थोडा वेळ नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "गुळगुळीत झालंय. परवा ताम्हिणीत असं नव्हतं." मला फरक कळला नाही. पण चढावर गाडी आधीपेक्षा सहज निघत होती एवढं नक्की.

कोल्हापूर-पुणे हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि रनिंग-इनच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. मोकळा रस्ता, पाचवा गिअर, एकच सूर. क्रूझ कंट्रोल (आपोआप एकच वेग धरून ठेवणारी सोय) असेल तर या टप्प्यात लावू नका. मी दर थोड्या वेळाने वेग सत्तर-पंच्याऐंशीमध्ये वरखाली करत राहिले, कऱ्हाड आणि साताऱ्याला थांबलो. आई मागे झोपली होती आणि मामा वेगाचा काटा बघत जागा.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली. किनारपट्टीवर फिरलेल्या प्रत्येक गाडीला हे लागतंच, नवी असो की जुनी. मग पहिली मोफत सर्व्हिस. मोफत म्हणजे मजुरी मोफत, तेल-फिल्टरचे पैसे वेगळे. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने तेल बदलायचं नाही, पुस्तकाप्रमाणे ते दहा हजारांवर किंवा वर्षाने, असं सांगितलं आणि त्याऐवजी इंजिनात घालायची कसली तरी बाटली, गाडीला कोटिंग आणि आतून जंतुनाशक फवारणी असं तिप्पट बिल पुढे केलं. तिन्हींना नाही म्हटलं. पुस्तकाप्रमाणे त्याचं तेलाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, तेल बदललं नाही तरी वॉरंटीला धक्का लागत नाही. तरी मी स्वतःच्या पैशाने तेल आणि फिल्टर बदलून घेतले. रिंगा आणि भिंती घासून निघालेला बारीक धातू त्या पहिल्या तेलात असतो, बहुतेक फिल्टर पकडतं, पण मला तो पुढचे नऊ हजार किलोमीटर फिरवायचा नव्हता. बदलताना पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं तेल घाला आणि बिल जपून ठेवा. मामाने जुना फिल्टर मागून घेतला आणि तो घरी नेऊन कापून बघणार आहे म्हणे.